न दिसणाऱ्या ग्रहाचा पत्ता कसा लागतो?

प्रश्न : सयाजीबागेतील तारांगण पाहून आल्यावर नातीने विचारले, की दूरच्या ताऱ्याभोवतीचा ग्रह दुर्बिणीतूनही दिसत नसेल, तर तो आहे हे शास्त्रज्ञ ठरवतात कशावरून? शिवाय सुरुवातीला सापडलेले असे बरेच ग्रह गुरूसारखे अवाढव्य आणि आपल्या ताऱ्याला अगदी खेटून फिरणारे निघाले, असे वाचनात आले. मग आपली सूर्यमालाच जगावेगळी म्हणायची का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे आपण म्हणतो, पण वस्तुतः दोघेही त्यांच्या सामाईक गुरुत्वमध्याभोवती फिरत असतात, ग्रहाची कक्षा मोठी, ताऱ्याची अगदी लहान, एवढाच फरक. त्यामुळे तारा आळीपाळीने किंचित आपल्याकडे येतो व किंचित दूर जातो, आणि त्याच्या वर्णपटातील, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवल्यावर मिळणाऱ्या पट्ट्यातील, काळ्या रेषा त्याच क्रमाने निळ्या व तांबड्या बाजूला सरकतात. गुरूमुळे आपल्या सूर्याला मिळणारा असा वेग सेकंदाला अवघा साडेबारा मीटर आहे, आणि ते एक आवर्तन पुरे व्हायला सुमारे बारा वर्षे लागतात.

मिशेल मेयर आणि दिदिए केलो या स्विस खगोलशास्त्रज्ञांनी फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.९३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीतून ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचे वेध घेतले, तेव्हा त्याचा वेग दर ४.२३ दिवसांनी सेकंदाला जवळजवळ साठ मीटरने पुढे-मागे होत असल्याचे आढळले. साठ मीटर ऐकायला बरेच वाटतात. प्रत्यक्षात रेषांचे सरकणे पन्नास लाखांत एक भाग एवढेच असते, आणि खोलीचे तापमान थोडे बदलले तरी उपकरणातच त्याहून मोठी चूक शिरू शकते. म्हणून त्यांच्या ‘एलोडी’ या वर्णपटमापकात ताऱ्याच्या प्रकाशाबरोबरच, त्याच क्षणी, थोरियमच्या दिव्याचा प्रकाशही दुसऱ्या प्रकाशतंतूतून सोडला जाई, आणि त्या दिव्याच्या ठाऊक असलेल्या रेषांशी ताडून उपकरणाची स्वतःची चूक वजा केली जाई. ऑक्टोबर १९९५ मध्ये हा शोध जाहीर झाला आणि कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेतून काही दिवसांतच त्याला दुजोरा मिळाला. ग्रहाचे वस्तुमान गुरूच्या किमान निम्मे, आणि ताऱ्यापासूनचे अंतर सुमारे पाऊण कोटी किलोमीटर. आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी पावणेसहा कोटी किलोमीटरवर आहे. मेयर आणि केलो यांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

माझ्या मते या कथेतील सर्वांत बोलका भाग शोधाआधीचा आहे. ताऱ्याला खेटून, सुमारे एका दिवसात प्रदक्षिणा करणारे महाकाय ग्रह असू शकतील आणि ते वेगाच्या मोजमापातून सापडतील, असे खगोलशास्त्रज्ञ ऑटो स्ट्रुव्ह यांनी १९५२ सालीच लिहून ठेवले होते. त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण महाकाय ग्रह ताऱ्यापासून दूर, बर्फ टिकेल अशा थंड भागातच तयार होतात हे गृहीत धरलेले होते, आणि म्हणून बहुतेक निरीक्षक वर्षानुवर्षांच्या आवर्तनाचीच वाट पाहत बसले. त्या गृहीतकात तसे चूक काही नव्हते. हे ग्रह बहुधा दूरच जन्मले असावेत आणि नंतर, ताऱ्याभोवतीच्या वायूच्या चकतीतून सरकत किंवा इतर ग्रहांच्या ओढाताणीत सापडून, आत आले असावेत, असेच आजही बहुतेकांचे मत आहे.

तारा स्वतःच स्पंदन पावत असेल, ग्रह नसेलच, ही शंका तेव्हा घेतली गेली आणि ती रास्त होती. तिचा जोर ओसरला तो १९९९ मध्ये, जेव्हा ‘एचडी २०९४५८’ या ताऱ्याचा प्रकाश, वेगाच्या मोजमापावरून सांगितलेल्या वेळीच, सुमारे दीड टक्क्याने मंदावला. म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून गेला.

आता सूर्यमालेविषयी. असे ‘तप्त गुरू’ आधी सापडले, ते विपुल आहेत म्हणून नव्हे, तर सापडायला सोपे म्हणून: ताऱ्याला ते जोरात ओढतात, आवर्तन चार दिवसांत पुरे होते, आणि ते ताऱ्यासमोरून जाताना आपल्याला दिसण्याची शक्यता दहांत एक असते, जी पृथ्वीसारख्या ग्रहाच्या बाबतीत दोनशेंत एक एवढीच आहे. सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत असा ग्रह फार तर एखाद्याभोवती असतो. एका कॅनेडियन गटाने बारा वर्षे एकवीस तारे तपासूनही हाती गुरूएवढा एकही ग्रह निश्चितपणे लागला नाही, त्यात म्हणूनच नवल नाही. आपली सूर्यमाला थोडी वेगळी आहे खरी, पण कारण दुसरेच आहे: ताऱ्यांजवळ सर्वाधिक आढळणारे ग्रह पृथ्वीहून मोठे व नेपच्यूनहून लहान असतात, आणि त्या आकाराचा एकही ग्रह आपल्याकडे नाही.

नातीला ‘५१ पेगासी’ हा तारा दाखवायचा असेल, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळनंतर पूर्वाभाद्रपदा नक्षत्राचे दोन ठळक तारे शोधावेत. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या साधारण मध्यावर, किंचित पश्चिमेला, तो आहे. बडोद्याच्या दिव्यांत तो नुसत्या डोळ्यांना दिसणे कठीण, पण साध्या द्विनेत्रीतून दिसावा. आणि हे काम केवळ परदेशातच होते असेही नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेची वेधशाळा अबूच्या गुरुशिखरावर आहे, आणि तेथील ‘पारस’ या वर्णपटमापकाच्या साहाय्याने २०२१ मध्ये ‘टीओआय १७८९’ या ताऱ्याभोवती सव्वातीन दिवसांत फिरणारा तप्त गुरूच सापडला. त्याचे वस्तुमान गुरूच्या सुमारे सत्तर टक्के असून आकार मात्र सुमारे दीडपट आहे, कारण ताऱ्याच्या उष्णतेने तो फुगलेला आहे.