गरम पाण्याच्या पिशवीऐवजी प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून शेक घेतला तर चालतो का?

तुम्ही विचारलंय की मुलगी हॉस्टेलला आहे, पाळीच्या वेळी कोल्ड्रिंकच्या बाटलीत गरम पाणी भरून पोट शेकते, चालेल का, आणि पिशवी घेतली तर पाणी किती गरम हवं. बाटलीचं म्हणाल तर नाही, बंद करा. ते प्लास्टिक ७०-७५ डिग्रीला मऊ पडतं, बाटली आखडते, आटे वाकडे होतात, बूच नीट बसत नाही आणि मग कुशीवर वळलं की सगळं पाणी अंथरुणात. काचेची तर नकोच, थंडीत तडकते. थर्मासने शेक बसत नाही, ऊब बाहेर येऊ नये म्हणूनच तर तो बनवलाय. झालं बाटलीचं.

आता पाणी किती गरम. यावर आमच्या घरात चार वर्षं भांडण चालू आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई तेव्हा ७१ वर्षांची, नाशिकला दादाकडे. १८ वर्षांचा डायबेटीस. जानेवारीत मी चार दिवस राहायला गेले होते, कडाक्याची थंडी, आईचे गुडघे धरलेले. रात्री दहाला मी गीझरचं पाणी पिशवीत भरलं, टॉवेलमध्ये गुंडाळून गुडघ्यांना वीसेक मिनिटं शेक दिला, पिशवी बाजूला ठेवली आणि झोपायला गेले. एवढंच माझं काम. रात्री दोनला आई म्हणाली पाय गार पडलेत. दादा उठला, पिशवी पुन्हा भरली, टॉवेल काढून टाकला कारण त्याने म्हणे ऊब लागत नाही, आणि रजईच्या आत टाचेला लावून दिली, असू दे सकाळपर्यंत म्हणाला. सकाळी वहिनी मोजे घालायला गेली तर टाचेला हा एवढा फोड, पेढ्याएवढा. आईला विचारलं अगं दुखलं नाही का, तर म्हणे नाही गं, छान ऊब लागत होती.

जखम भरायला अडीच महिने गेले. आणि पहिल्या आठवड्यातच नातेवाइकांत गोष्ट तयार झाली की लेक आली आणि उकळतं पाणी भरून आईचा पाय भाजला. वहिनी अजून हळदीकुंकवात सांगते. दादाने दवाखान्याच्या पायरीवर मला सांगितलं होतं की रात्री मीच भरली, पण चार माणसांत तोंड उघडलं नाही. (वहिनीने त्या फोडावर टूथपेस्ट फासली होती, त्यावर मी कधी कुठे बोलले का?)

तर उकळतं पाणी कोणीच भरलं नव्हतं. दादानेही गीझरचंच भरलं, हे मी मान्य करते. नंतर मी भाचीचं केकचं थर्मामीटर त्या नळाखाली धरलं, ५७. दादा म्हणतो मी हात लावून बघितलं होतं, चटका बसत नव्हता. बरोबर आहे त्याचं, आणि घोळ तिथेच आहे. भाजणं नुसतं पाणी किती गरम यावर नसतं, किती वेळ लागून राहिलं यावर पण असतं. १९४७ साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी अमेरिकेत हे मोजून ठेवलंय, कातडी ६० डिग्रीला गेली तर पाचेक सेकंदांत भाजते आणि ४४ डिग्रीला जवळजवळ सहा तास लागतात, पण भाजते. ४४ म्हणजे आंघोळीचं चांगलं गरम पाणी, उकळतं नव्हे. आपल्याला झोपेत पण टोचतं, पाय आपोआप बाजूला जातो. डायबेटीसने ज्याच्या तळव्यांची जाणीव गेली तो पाय तिथेच राहतो.

म्हणून आधण कधीच नाही, रबर पण लवकर जातं त्याने. गीझरचं चालेल. पिशवी दोन तृतीयांश भरायची, ओट्यावर दाबून पाणी गळ्याशी दिसेपर्यंत हवा काढायची, मग बूच. बुचाचं वायसर चिरलेलं असेल तर पिशवी टाकून द्यायची, दादाकडची त्याच्याच लग्नातली होती हे जाता जाता सांगते. रबर दोन-तीन वर्षांत बदलावं. इंग्लंडच्या पिशव्यांवर गळ्याजवळ एक फूल असतं, मधे वर्षाचा आकडा आणि बारा पाकळ्या म्हणजे महिने, आपल्याकडच्या घेताना तारीख शोधून बघा. बाम किंवा तेल लावलेल्या अंगावर ठेवू नका, तेलाने रबर खराब होतं. खोळ हवीच. तान्ह्या बाळाजवळ पिशवी नको.

एक गोष्ट लिहायची राहिली, खरंतर टाळत होते. त्याच्या आधीच्या दिवाळीत डॉक्टरांनी आईच्या तळव्याला नायलॉनचा दोरा टोचून बघितला होता, दहापैकी सहा ठिकाणी तिला कळलंच नाही. तेव्हा सोबत मी होते, दादा नव्हता. डॉक्टर म्हणाले पायाला शेक-बिक देऊ नका. मी गुडघ्यांनाच दिला, पायाला नाही, पण घरी येऊन दादाला सांगितलं नाही, फराळाच्या गडबडीत राहून गेलं. हे अजून कोणालाच माहीत नाही.

तुमच्या मुलीला डायबेटीस नाही ना? मग साधी रबरी पिशवी घेऊन द्या, वीस मिनिटं शेकून झालं की रिकामी करून उलटी टांगून ठेव म्हणावं, पोटावर घेऊन झोपू नको.