एकसष्टाव्या वर्षी स्कायडायव्हिंग: चौथ्या पातळीवर अडलेल्या वाचकाचे पत्र

प्रश्न: मी फोंडा तालुक्यात राहते. वय ६१. गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाल्यावर स्कायडायव्हिंग शिकायचे ठरवले आणि गोव्याबाहेरच्या एका केंद्रात एएफएफ (ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल), म्हणजे पातळीपातळीने एकट्याने उडी मारायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाला नाव घातले. पहिल्या तीन पातळ्या पहिल्याच प्रयत्नात पार पडल्या. चौथीत मात्र प्रशिक्षकांनी हात सोडताच मी उजवीकडे गरगर फिरू लागले. दुसऱ्या प्रयत्नातही तेच झाले, आणि त्याच उडीत उतरताना पॅराशूटचे ब्रेक फार वरून ओढल्यामुळे मी आपटले व डाव्या घोट्याच्या हाडाला चीर गेली. प्लास्टर निघून बरेच महिने झाले, पावसाळाही सरला. चालायला व जिने चढायला डॉक्टरांची हरकत नाही. ‘या वयात टँडेम उडीच (प्रशिक्षकाच्या अंगाला बांधून घेतलेली) बरी’ असे प्रशिक्षक म्हणाले. घरी मुलगा आणि सून हा विषयच काढू देत नाहीत. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. मी हे सोडून द्यावे का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत, आणि त्यांतली जी तुम्हांला अधिक बोचते आहे ती माझ्या मते कमी महत्त्वाची आहे. हवेत गरगर फिरणे हा दुरुस्त होणारा दोष आहे आणि त्यासाठी हा खेळ सोडण्याचे काहीच कारण नाही. खरा विचार करायचा तो उतरण्याचा, कारण या खेळातल्या दुखापतींचा मोठा भाग पॅराशूट व्यवस्थित उघडलेले असताना, अगदी शेवटच्या काही फुटांत होतो, आणि साठीनंतर तिथे झालेली चूक विशीतल्या चुकीपेक्षा फार महाग पडते.

आधी चौथ्या पातळीविषयी. पहिल्या तीन पातळ्यांत दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक असतो, त्यामुळे विद्यार्थ्याच्या शरीरातला असमतोल त्यांच्या पकडीत झाकला जातो. चौथ्या पातळीपासून एकच प्रशिक्षक उरतो, तो हात सोडतो आणि आधीपासून असलेला दोष तिथे पहिल्यांदा उघड होतो. ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येणाऱ्या शरीराचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा अधिक दुमडलेला असला, तरी तेवढ्याने ते एका बाजूला फिरू लागते. फिरू लागले की मनुष्य घाबरून आखडतो, आणि आखडला की अधिकच फिरतो. पोहणे शिकताना अंग ताठ धरणारा बुडतो आणि सैल सोडणारा तरंगतो, तसेच इथे आहे: कंबर पुढे, हनुवटी वर, दोन्ही पाय सारखे लांबवलेले आणि श्वास संथपणे बाहेर. पुन्हा उडी मारण्यापूर्वी तुमच्या दोन्ही उड्यांचे चित्रीकरण मागून घ्या आणि त्यात हातांकडे न पाहता फक्त गुडघ्यांखालचे पाय पाहा. आणखी एक सावधगिरी हवी. बऱ्या झालेल्या डाव्या पायाला जपण्याची सवय आता शरीराला लागली असेल; तो पाय नकळत आत ओढला गेला, तर हाच दोष नव्या रूपाने परत येईल.

यासाठी उभ्या वाऱ्याचा बोगदा, म्हणजे विंड टनेल, हा सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. विद्यार्थी साधारण १३,००० फुटांवरून उडी घेतो आणि साडेपाच हजार फुटांच्या आसपास पॅराशूट उघडतो, म्हणजे हाती जेमतेम ४५ ते ५० सेकंद येतात. बोगद्यातली दहा मिनिटे ही बारा उड्यांच्या मुक्त पतनाइतकी होतात, तीही प्रशिक्षक समोर उभा राहून पाय हाताने सरळ करत असताना. हैदराबादला अशी सोय आहे, दुबईतही आहे. गोव्यातून निघून थेट विमानात बसण्याऐवजी आधी दोन दिवस तिथे काढावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आता उतरण्याविषयी. तुमच्या पत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला तपशील तुम्ही शेवटी जाता जाता लिहिला आहे: प्रोग्रेसिव्ह चष्मा. या भिंगाचा खालचा भाग जवळचे वाचण्यासाठी असतो. उतरताना मान न वाकवता नजर खाली टाकली की जमीन त्या भागातून दिसते, म्हणजे अस्पष्ट आणि आहे त्यापेक्षा जवळ. फ्लेअर, म्हणजे दोन्ही ब्रेक एकत्र खाली ओढून वेग मोडणे, विद्यार्थ्याने साधारण दहा-बारा फुटांवर करायचे असते. जमीन जवळ भासली की हात आधीच खाली येतात. तुमच्याबाबतीत नेमके हेच घडले असे इथे बसून मी म्हणू शकत नाही, पण वयाला दोष देण्यापूर्वी हे तपासणे आवश्यक आहे. नेत्रतज्ज्ञांकडून गॉगलखाली बसेल असा केवळ दूरच्या नंबरचा चष्मा करून घ्या. त्यातून मनगटावरचा अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, वाचता येतो का तेही जमिनीवरच पाहा. येत नसेल तर मोठ्या आकड्यांचा मागा. आणि शेवटच्या टप्प्यात नजर पायांखाली नव्हे, तर पुढे, क्षितिजाच्या बाजूला ठेवण्याचा सराव करा.

फ्लेअर वरच झाला असे लक्षात आले, तर हात पुन्हा वर सोडू नयेत. सोडले की पॅराशूट पुढे झेप घेते आणि माणूस अधिक जोराने आपटतो. हात आहेत तिथेच धरायचे, पाय व गुडघे जुळवायचे आणि पिंडरी, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू अशा क्रमाने जमिनीवर लोळत धक्का वाटून द्यायचा. याला पीएलएफ (पॅराशूट लँडिंग फॉल) म्हणतात. वर्गात ही गोष्ट एका दिवसात शिकवून पुढे जातात. तुमच्यासाठी ती अभ्यासाचा मुख्य भाग असली पाहिजे. फिजिओथेरपिस्टची परवानगी मिळाल्यावर मिरामारच्या मऊ, सपाट वाळूवर, आधी उभ्यानेच आणि नंतर अगदी बुटक्या पायरीवरून, दोन्ही कुशींवर हा सराव करता येईल. शिवाय दुपारनंतर समुद्राचा वारा स्थिरावला की केरी-हरमलच्या बाजूला पॅराग्लायडिंग चालते. तिथे तासभर बसून प्रत्येक जण वाऱ्याकडे तोंड करून कसा उतरतो आणि हात कोणत्या उंचीवर खाली आणतो, एवढेच पाहत राहा. यंत्रणा वेगळी असली, तरी डोळ्यांना उंचीचा अंदाज तिथे फुकट शिकता येतो.

डॉक्टरांच्या परवानगीबद्दल मी स्पष्टच लिहितो: जिने चढण्याची परवानगी ही उडी मारण्याची परवानगी नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञांना नेमके सांगा की, पायांवर आदळण्याचा प्रसंग पुन्हा येऊ शकतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता घटत जाते, म्हणून डेक्सा तपासणी करून घ्या. तिच्यात ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा, निघाला, तर एकट्याने उतरण्याचा शिक्षणक्रम थांबवावा, असेच मी सांगेन, आणि हे लिहिताना मला वाईट वाटते आहे. हाडे ठीक असतील, तर एका पायावर तोल धरणे, टाचा उचलणे, पायरीवरून सावकाश उतरणे हे व्यायाम रोजचे करा. रक्तदाबाचे औषध कोणते व किती हे केंद्रालाही लेखी कळवा. तेरा हजार फुटांवर हवा विरळ असते आणि छोट्या विमानाचे दार उघडे असते.

वयाचा शिकण्यावर परिणाम होतो का, हा तुमच्या पत्रामागचा प्रश्न आहे. होतो. क्रम अंगवळणी पडायला अधिक आवर्तने लागतात आणि मध्ये खंड पडला की अधिक विसरायला होते. म्हणून सुट्टी मिळेल तशी एकेक उडी मारण्यापेक्षा कोरड्या ऋतूत सलग आठ-दहा दिवस केंद्राजवळ मुक्काम करा. इतक्या महिन्यांच्या खंडानंतर जमिनीवरची उजळणी तर अपरिहार्यच आहे. शिवाय पहिली उडी चौथ्या पातळीची न घेता पुन्हा दोन प्रशिक्षकांसह तिसरीची घ्यावी. टांगलेल्या हार्नेसमध्ये बसून नीट न उघडलेले मुख्य पॅराशूट तोडून टाकून राखीव उघडण्याचा क्रम मोठ्याने म्हणत करा. विद्यार्थ्याने हा निर्णय २,५०० फुटांच्या खाली येण्यापूर्वी घ्यायचा असतो. राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे उपकरण पाठीवर असले, तरी त्याच्या भरवशावर कोणी उडी मारू नये. हा क्रम जमिनीवर शांतपणे बसलेले असतानाही गोंधळत असेल, तर विमानात चढू नका. माझ्या दृष्टीने थांबण्याचे खरे कारण ते असेल. चौथी पातळी तिसऱ्यांदा करावी लागणे हे नव्हे.

प्रशिक्षकांचे मत झिडकारू नका, पण त्यामागचे कारण विचारा. त्यांनी तुमच्या उतरण्यात किंवा उंचीच्या भानात नेमके काही पाहिले असेल, तर ते ऐकणे तुमच्या हिताचे आहे. केवळ जन्मसाल पाहून ते बोलले असतील, तर दुसरे केंद्र शोधा. चाळिशी आणि साठी ओलांडलेल्या उडीबाजांच्या स्वतंत्र संघटना जगात आहेत, आणि आपल्या भारतीय स्कायडायव्हर रेचेल थॉमस यांनी २००२ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली तेव्हा त्यांनीही चाळिशी ओलांडली होती. मात्र अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांचे उदाहरण लोक देतात तेव्हा एवढे लक्षात ठेवा की, २०१४ साली नव्वदाव्या वाढदिवसाची त्यांची उडी टँडेम होती. तीत कमीपणा काही नाही, पण तुम्हांला जे शिकायचे आहे ते तीत शिकता येत नाही.

मुलाला आणि सुनेला हे उत्तर वाचायला द्या. डेक्साचा अहवाल आणि नवा चष्मा हाती आल्यावर त्यांच्याशी बोला. तोवर कोणतेही आरक्षण करू नका.

प्रश्न: माझ्या वडिलांना सहासष्टावे वर्ष लागले आहे आणि त्यांना एकदाच टँडेम उडी मारायची आहे. काय पाहावे? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: टँडेममध्ये पॅराशूट प्रशिक्षक हाताळतो, पण बहुतेकदा जोडी बसल्यासारखी घसरत उतरते आणि त्या वेळी प्रवाशाला दोन्ही पाय सरळ वर उचलून धरावे लागतात. घरी खुर्चीवर बसून वडिलांना ते काही सेकंद धरता येतात का पाहा. गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर शल्यविशारदांना विचारल्याशिवाय जाऊ नये. प्रत्येक केंद्राची वजनाची मर्यादा असते. ती आधी फोनवर विचारून घ्या. सर्दीने कान बंद असतील, तर झपाट्याने खाली येताना कानांना इजा होऊ शकते, म्हणून त्या दिवशीची उडी पुढे ढकलावी.