खालून लागणारी गाडी आणि मिशिगनचा बर्फ

प्रश्न : काका, मी मूळचा सांगलीचा. दोन वर्षांपासून मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो आणि कामाला रोज ॲन आर्बरला जातो. उन्हाळ्यात जुनी गोल्फ जीटीआय घेतली. आधीच्या मालकाने कॉइलओव्हर (आट्यांवर फिरवून उंची बदलता येणारी स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरची जोडी) बसवून ती दोन इंच लोअर केली, म्हणजे खाली बसवली आहे. पुढे बंपरखाली जेमतेम चार इंच जागा उरते. १८ इंची रिम, २२५/४० चे उन्हाळी टायर. मित्र म्हणतात, थंडीत ही गाडी चालणारच नाही, विकून टाक. माझा तिच्यात जीव अडकलाय. चांगले विंटर टायर घातले तर भागेल का? आणि गाडी खाली टेकते हे कळल्यापासून आई रोज फोनवर काळजी करते. तिला काय सांगू?

उत्तर : विकू नकोस. पण नुसत्या टायरवर भागणार नाही, आणि हे मी अनुभवाने सांगतोय.

मी या राज्यात आलो तेव्हा माझ्याकडेही लोअर केलेली सिव्हिक होती. पहिल्याच थंडीत नवेकोरे विंटर टायर घातले आणि निर्धास्त झालो. जानेवारीतल्या एका सकाळी अपार्टमेंटच्या पार्किंगमधून निघालो. रात्री प्लाऊ (बर्फ बाजूला ढकलणारा ट्रक) येऊन गेला होता आणि पार्किंगच्या तोंडाशी त्याने बर्फाचा बांध टाकला होता, फार तर सात-आठ इंचांचा. मला तो भुसभुशीत वाटला. पण प्लाऊने ढकललेला बर्फ दाबला गेलेला असतो आणि रात्रभरात तो गोठून दगड होतो. गाडी निम्मी वर चढली आणि पोटावर बसली. पुढची दोन्ही चाकं हवेत असल्यासारखी गरागरा फिरत होती. उणे १४ सेल्सिअसमध्ये पोटावर झोपून फावड्याने गाडीखालचा बर्फ कोरून काढायला मला दीड तास लागला. निघाली तेव्हा इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर फाटून लोंबत होतं. टायरमध्ये काही खोट नव्हती. त्यांच्यावर गाडीचं वजनच उरलं नव्हतं.

आपल्याकडे स्पीडब्रेकरला गाडी खालून लागते, खर्रकन आवाज होतो आणि ती पुढे जाते. बर्फात तसं होत नाही. बंपर बर्फ पुढे ढकलतो, तो पोटाखाली दाबला जाऊन घट्ट होतो आणि गाडीला उचलून धरतो. म्हणून तुझा पहिला प्रश्न टायरचा नाही, उंचीचा आहे.

तुझं नशीब चांगलं की गाडीला कॉइलओव्हर आहेत. नुसत्या लोअरिंग स्प्रिंग्ज असत्या तर दर नोव्हेंबरला मूळच्या स्प्रिंग्ज परत बसवाव्या लागल्या असत्या. (ते काम घरी करू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.) आता टेप घे आणि चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मोजून लिहून ठेव. वसंतात याच मापावर परत यायचं आहे. मग गाडी किमान दीड इंच वर घे. तुझ्या कॉइलओव्हरला खालचा ब्रॅकेट वेगळा फिरत असेल तर उंची त्यानेच वाढव, स्प्रिंग जास्त दाबून नको. थोडे मैल चालवून गाडी बसू दे आणि मग अलाइनमेंट करून घे. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात. कोरड्या रस्त्यावर हे बहुतेक वेळा टायरच्या झिजेतून कळतं, बर्फावर गाडी सरळ ब्रेकलाही एका बाजूला ओढते.

हे सगळं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरक. मीठ पडायला लागल्यावर कॉइलओव्हरचे आटे जाम होतात. माझ्या हातून किती कॉलर (उंची बदलायला फिरवायच्या रिंगा) कापून काढाव्या लागल्या याची मोजदाद नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटात, जवळजवळ १,२०० फूट खाली, मिठाची खाण आहे. तिथलं मीठ रस्त्यांवर पडतं हे मला कळलं तेव्हा नवल वाटलं होतं, आता फक्त गंज दिसतो. साधं मीठ साधारण उणे ९ सेल्सिअसच्या खाली फारसं काम करत नाही. मग त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये उभी असतानाही खालून ओलसर राहते आणि गंजत राहते. आटे नायलॉनच्या ब्रशने साफ करून त्यांवर मेणासारखा गंजरोधक फवारा मार. ग्रीस थापू नकोस, त्यात वाळू बसते. पारा शून्याच्या वर गेला की खालून धुणाऱ्या कार वॉशमध्ये गाडी ने.

आता टायर. उन्हाळी टायरचं रबर ७ सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं, त्यामुळे ते काढायचेच. पलीकडे कॅनडात, क्वेबेकमध्ये, १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर कायद्यानेच लागतात. मिशिगनमध्ये सक्ती नाही म्हणून लोक टाळतात. तू टाळू नकोस. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घे. आणि १८ इंची रिमवर घालू नकोस. २०५/५५ चा १६ इंची टायर घे. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच राहतो, रुंदी कमी असल्याने टायर बर्फ कापत खाली जातो, आणि जाड भिंतीमुळे मार्चमधल्या खड्ड्यांत रिम वाकत नाही. फक्त १६ इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून जाते का, ते विकत घेण्याआधी लावून बघ. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की हवा साधारण १ पीएसआय कमी होते. म्हणून २० अंशांत भरलेली हवा उणे १५ ला सहा पीएसआयने उतरलेली असते.

रोजच्या वापरात एक सवय लाव. घरी आल्यावर चाकांच्या कमानीत साठलेला बर्फ लगेच लाकडी दांड्याने काढ. लोअर गाडीत तिथे बोटभर जागा असते. रात्री तो गोठला की सकाळी स्टिअरिंग पूर्ण वळत नाही. हायवेवर गाडी अचानक थरथरायला लागली तर आधी रिमच्या आत चिकटलेला बर्फ बघ, बहुतेक वेळा तेच असतं.

ॲन आर्बरकडे जाणाऱ्या एम-१४ हायवेवर प्लाऊ लवकर फिरतो, अडचण तुझ्या घरापासून हायवेपर्यंतच्या आतल्या रस्त्यांची आहे. तिथला बर्फ तुझ्या बंपरखालच्या जागेइतका व्हायला आला असेल तर त्या दिवशी घरून काम कर किंवा कोणाच्या तरी गाडीतून जा. यात माझी जराही तडजोड नाही. दुसऱ्या गाड्यांनी पाडलेल्या गोठलेल्या चाकोऱ्यांमधला उंचवटा तर सरळ ऑइल पॅनला लागतो.

अडकलासच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नकोस, त्याने खाली नुसता काचेसारखा बर्फ तयार होतो. इंजिन बंद कर, पोटाखालचा बर्फ काढ, मग ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की त्याची ताकद कमी करणारी यंत्रणा) बंद करून हळूहळू पुढे-मागे झुलव. आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवून बसणार असशील, तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं कर आणि थोड्या थोड्या वेळाने परत बघत राहा. लोअर गाडीचं ते तोंड बर्फात लवकर बुजतं, आणि आत शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बाकी सगळं विसरलास तरी हे विसरू नकोस.

आईला सांग, गाडी दीड इंच वर घेतली आहे, डिकीत फावडं, वाळूची पिशवी, ब्लँकेट आणि टॉर्च आहे, आणि बर्फ जास्त असेल त्या दिवशी मी निघत नाही. आणि ते खरं असू दे.

प्रश्न : माझ्या गाडीला एअर सस्पेन्शन आहे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या. बटण दाबलं की गाडी वर येते. मग मला काही करायला नको ना? (एक वाचक, ग्रँड रॅपिड्स)

उत्तर : करायला हवं. तुमच्याकडे मिशिगन सरोवरावरून येणारा बर्फ आमच्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो. दाबलेल्या हवेतलं पाणी टाकीत साठतं आणि नळ्यांत किंवा व्हॉल्व्हमध्ये गोठतं. मग नेमकं हवं तेव्हा बटण दाबूनही गाडी जमिनीवरच बसून राहते. थंडीआधी टाकीचं पाणी काढा आणि पुढे दर आठवड्याला काढत राहा. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी वेगळं काढणारा भाग) नसेल तर बसवून घ्या. आणि रात्री गाडी पार्क करताना खाली बसवू नका, चालवायच्या उंचीवरच ठेवा.