ड्रॉवरमधल्या अकरा वस्तू : काय ठेवायचं, काय काढायचं

तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या दुकानातली शेकडो गिऱ्हाइकं डोळ्यांसमोर आली. आई ६३ वर्षांच्या, थायरॉइडची गोळी चालू. वडील ६८, डायबेटीस, बारा वर्षं मेटफॉर्मिन. भाऊ दरवेळी न्यू जर्सीहून बाटल्या आणतो. आणि परवा ड्रॉवर उघडला तर ताकदीच्या म्हणून घेतलेल्या अकरा वस्तू निघाल्या. त्यातलं काय चालू ठेवावं आणि तुमच्यासाठी कुठलं मल्टिव्हिटॅमिन चांगलं, असं विचारलंय. मी डॉक्टर नाही. डी. फार्म. करून २६ वर्षं कराडला आमच्याच मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते. त्यामुळे गोळी कुणाला लागेल हे डॉक्टर सांगतील. ती घरात कशी शिरते ते मी सांगू शकते.

सप्लिमेंट हा शब्द काउंटरवर मी क्वचितच ऐकला. ‘अशक्तपणावर काहीतरी द्या’, ‘पायात गोळे येतात, कॅल्शियम द्या’, ‘तोंड आलंय, बिकोसूल द्या’, एवढंच. नाहीतर रिकामी पट्टी पुढे करायची, ‘हीच द्या’. डॉक्टरांनी दोन महिन्यांसाठी लिहिलेली गोळी अशी सात-सात वर्षं चालते, कारण बंद करा असं कुणी सांगितलेलंच नसतं. दुसरा डॉक्टर नवीन पट्टी लिहितो, जुनी तशीच राहते. तुमच्या अकरापैकी निम्म्या अशाच आल्या असणार.

तेव्हा पहिलं काम म्हणजे सगळ्या पट्ट्या-बाटल्या टेबलावर काढा आणि मागच्या बाजूचं बारीक अक्षर कागदावर उतरवा. ब्रँडचं नाव लिहूच नका. आत काय आणि किती, तेवढंच. मग एकच वस्तू किती ठिकाणी आहे ते मोजा. व्हिटॅमिन डी कॅल्शियमच्या गोळीत असतंच, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं. भावाच्या बाटलीतल्या एका कॅप्सूलमध्ये ५,००० आययू (डी मोजायचं एकक) असू शकतं आणि शिवाय डीचंच साठ हजार आययूचं सॅशे, म्हणजे पुडी, असते ती वेगळीच. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० आययू धरली आहे, आणि डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज ४,०००च्या वर जाऊ नये.

साठ हजाराबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण ती चूक माझ्या काउंटरवर झाली. एक निवृत्त गुरुजी होते, आमचं जुनं गिऱ्हाईक. चिठ्ठीवर आठवड्याला एक, आठ आठवडे, असं लिहिलेलं होतं. संध्याकाळची गर्दी होती. मी कॅप्सूल पिशवीत घातल्या, पैसे घेतले आणि तोंडाने काहीच सांगितलं नाही. त्यांनी रोज एक घेतली. संपल्यावर मुलगा रिकामं पाकीट घेऊन आला, आमच्या पोऱ्याने पुन्हा दिल्या. दोन महिन्यांनी गुरुजींना उलट्या, सारखी तहान, शौचाला साफ नाही. घरच्यांना वाटलं ॲसिडिटी. रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं निघालं, क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) चढलेलं. दवाखान्यात राहावं लागलं, वाचले. डी चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, त्यामुळे गोळी बंद केली तरी परिणाम ओसरायला आठवडे लागतात. त्या दिवसापासून मी प्रत्येक पाकिटावर मार्करने ‘फक्त रविवारी’ लिहायला लागले. तुमच्या ड्रॉवरमध्ये साठ हजार असेल तर ते कुणाचं, कधीपासून आणि कोणत्या वारी, हे आजच विचारा.

आता वडील. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होऊ शकतं, हे पक्कं आहे. त्यात घर शाकाहारी असेल तर अजूनच. पायाला मुंग्या आल्या की सगळे ‘शुगरमुळे’ म्हणून सोडून देतात, पण बी-१२ कमी असलं तरी तशाच मुंग्या येतात. म्हणून त्यांची बी-१२ची तपासणी करून घ्या. अकरापैकी एखादी गोष्ट त्यांना खरोखर लागत असेल, तर ती बहुधा हीच. रोजची गरज २.२ मायक्रोग्रॅम आणि गोळी १,५०० मायक्रोग्रॅमची, हे बघून घाबरू नका. आतडं एका वेळी नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत घेतं. बाकीच्यातलं शंभरातलं एखादं कसंबसं झिरपतं. म्हणून आकडा मोठा.

पण ती पट्टी नीट वाचा. ‘नसांची गोळी’ म्हणून जी मागतात, तिच्यात मिथाइलकोबालामिनसोबत (म्हणजे बी-१२च) प्रीगाबॅलिनही असू शकतं. ते व्हिटॅमिन नाही, चिठ्ठीवरच मिळायला हवं असं औषध आहे. त्याने गुंगी येते, तोल जातो. रात्री बाथरूमला उठणाऱ्या ६८ वर्षांच्या माणसाला हे परवडत नाही. ‘बी-१२ घेतो’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांच्या पट्टीत मला हे सापडलंय. असलं तर डॉक्टरांना विचारूनच कमी करा, आपल्या मनाने एकदम बंद नको.

आईंचा प्रश्न गोळीपेक्षा घड्याळाचा आहे. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. मग टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) चढतो, डोस वाढतो, आणि दोष कुणाचा ते कळतच नाही. लोहाची गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. कॅल्शियमच्या पाकिटावर १,२५० लिहिलेलं असलं तरी ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. आत खरं कॅल्शियम ५००च मिलिग्रॅम. ती जेवणाबरोबर घ्यावी. घरात नाचणीची भाकरी होत असेल तर हिशेबात तीही धरा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि त्याचा डिस्काउंट कोड कुणी पाठवत नाही.

केसांसाठी बायोटिन या बी व्हिटॅमिनच्या गमी (चघळायच्या गोळ्या) घरात कुणी खात असेल (हल्ली असतातच), तर रक्त द्यायच्या आधी लॅबला सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही चाचण्या चुकतात. थायरॉइड वाढल्यासारखा रिपोर्ट येऊ शकतो.

भावाच्या बाटल्या. अमेरिकन माल म्हणजे चोख, हा आपला समज आहे. तिथे १९९४च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकण्याआधी ते गुणकारी असल्याचं सरकारला दाखवावं लागत नाही. बाटलीवर यूएसपीचा (औषधांचा दर्जा ठरवणारी तिथली संस्था) शिक्का असेल तर निदान लिहिलंय ते आत आहे, एवढं तपासलेलं असतं. आणि ‘सर्व्हिंग साइज’ वाचा. पुढचा मोठा आकडा बऱ्याचदा दोन किंवा तीन कॅप्सूलचा मिळून असतो. साध्या १,००० मिलिग्रॅमच्या फिश ऑइलमध्ये कामाचं ओमेगा-३ बहुधा ३००च असतं, बाकी नुसतं तेल. भावाला सांगा, त्यापेक्षा बदाम आण.

विकत घेण्याबद्दल एक कबुली. नजरेसमोरच्या फळीवर आम्ही काय मांडायचो? ज्यात मार्जिन जास्त आणि दहावर दोन फुकट अशी स्कीम आहे ते. साधी स्वस्त बी-कॉम्प्लेक्स खालच्या ड्रॉवरमध्ये. सारखीच दिसणारी एक पट्टी औषधाच्या लायसन्सवर येते आणि दुसरी अन्नाच्या. दुसरीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी नंबर असतो आणि ती औषधी वापरासाठी नाही असंही छापलेलं असतं. औषधांच्या किमतींवर सरकारचा लगाम असतो, अन्नाच्या पट्टीवर तो नाही. म्हणून दोन्हींतलं घटकाचं प्रमाण आणि एका गोळीची किंमत ताडून बघा. जनऔषधी केंद्रातही विचारा. ऑनलाइन ‘तीन बाटल्यांवर सूट’ दिसली की आधी एक्स्पायरी बघा. सहा महिन्यांचा साठा घरात आला की लोक तो संपवण्यासाठीच गोळ्या खातात, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

आणि तुम्ही? वय ३६, तब्येत ठणठणीत, अंडी-मासे खाता असं लिहिलंय. मग मी तुम्हाला काहीच विकलं नसतं. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांना पाच वर्षांच्या आसपास रोज २,००० आययू डी देऊन पाहिलं. कॅन्सर किंवा हृदयविकार होण्याचं प्रमाण काही कमी झालं नाही. थकवा खरोखर असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि टीएसएच बघा, आणि झोपता किती वाजता तेही. मल्टिव्हिटॅमिन सुरू केलं की लघवी पिवळीधमक होते आणि लोकांना वाटतं गोळी लागू पडली. तो रायबोफ्लेविनचा, म्हणजे गोळीतल्या बी-२ व्हिटॅमिनचा रंग. नको असलेलं शरीर बाहेर टाकतंय, पैशासकट.

यादी केलीत की इथेच टाका, पट्ट्यांचे फोटो मागच्या बाजूचे हवेत. आणि आई थायरॉइडची गोळी किती वाजता घेतात, चहा किती वाजता, ते लिहायचं राहिलंय तुमच्याकडून.