जंगलातल्या मातीवर दुष्काळाचा आणि मुसळधार पावसाचा परिणाम प्रत्यक्ष कसा मोजतात?

पाऊस अडवून. झाडांखाली, जमिनीपासून एक-दोन मीटरवर प्लास्टिकचे पत्रे आणि पन्हळी लावतात, पाणी प्लॉटबाहेर सोडतात. ब्राझीलमधल्या काशिउआना वर्षावनात २००२ पासून एक हेक्टरवर साधारण निम्मा पाऊस असा अडवला. प्लॉटभोवती चर हवाच, नाहीतर बाजूचं पाणी झिरपतं आणि मुळं बाहेरून ओलावा ओढतात. पाऊस न अडवलेल्या, तुलनेच्या प्लॉटभोवतीही तसाच चर खणा, कारण तुटलेली मुळं कुजताना कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मातीतून निघणाऱ्या वायूचे आकडे फुगतात. पत्र्यांवर साचलेला पालापाचोळा नियमित खाली पसरा.

अतिवृष्टीचा भाग जास्त फसवा. सुकलेल्या मातीवर पाणी पडताच काही तासांत सूक्ष्मजीवांचं श्वसन उसळतं, याला बर्च परिणाम म्हणतात. आठवड्याला एकदा मोजलं तर ही उसळी हातातून निसटते. पहिले दोन दिवस तासातासाला मोजा. फार सुकलेली माती पाणी झटकते, पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि १० सेंमी खोलीवरचा ओलावा मोजणारा सेन्सर माती कोरडीच दाखवतो. म्हणून ३० आणि १०० सेंमीवरही सेन्सर हवेत. त्यांचे आकडे मातीचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पडताळा. पाणी तुंबून राहिलं तर ऑक्सिजन संपतो, तेव्हा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही मोजायला घ्या.