प्लॅस्टिकचा रस्ता आणि खानापूरचा पाऊस

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीने गोळा केलेले प्लॅस्टिक डांबरी रस्त्यासाठी वापरणार, असे ऐकतो. आमच्याकडच्या पावसात असा रस्ता टिकेल का? प्लॅस्टिक तापवल्यावर विषारी धूर होणार नाही का?
— एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव)

उत्तर : आपल्या दोन्ही शंका रास्त आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात रस्ता उखडतो तो मुख्यतः पाण्याने. खडी आणि डांबर यांच्यामध्ये पाणी शिरले की पकड सुटते, खडी मोकळी होते आणि वाहनांच्या चाकांखाली खड्डा वाढत जातो. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी विकसित केलेल्या पद्धतीत प्लॅस्टिक थेट डांबरात घालत नाहीत. सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचे बारीक तुकडे टाकले की ते मिनिटभराच्या आत मऊ होऊन खडीवर पातळ थर धरतात, आणि त्यानंतरच डांबर मिसळतात. खडीची सूक्ष्म छिद्रे बुजल्याने पाण्याला आत शिरणे अवघड होते, म्हणून पावसाळी भागात या पद्धतीचा उपयोग खराच आहे.

मात्र गटार तुंबलेले असेल, साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच असेल किंवा खालची खडी नीट दाबलेली नसेल, तर वरचा थर कितीही चांगला असला तरी रस्ता खचणारच. माझ्या मते ग्रामसभेत पहिला प्रश्न गटाराचा विचारावा, प्लॅस्टिकचा त्यानंतर.

धुराबाबत : दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग यांचे पॉलिथिन वरील तापमानाला केवळ मऊ होते, जळत नाही. पीव्हीसी या प्रकारचे प्लॅस्टिक मात्र तापल्यावर हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सोडू शकते, म्हणून पाइपांचे तुकडे, वायरींची आवरणे आणि फ्लेक्सचे फलक वेगळे काढलेच पाहिजेत. ही निवड गावातच, हाताने, कचरा गोळा करतानाच व्हावी. पिशव्याही धुऊन वाळवलेल्या असाव्यात, कारण माती आणि ओल राहिली की थर नीट धरत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते-अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्लॅस्टिकचे प्रमाण डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के असते, त्यामुळे गावचा सगळा कचरा रस्त्यात जिरेल असे मानू नये. शिवाय रस्ता झिजला की प्लॅस्टिकचे कण पाण्याबरोबर वाहू शकतात आणि मलप्रभा नदी तर कणकुंबीलाच उगम पावते. उखडलेल्या थराची दुरुस्ती म्हणूनच लांबणीवर टाकू नये.