गळका रेडिएटर: डाख लावावा की नवा बसवावा?

प्रश्न: माझी सँट्रो झिंग २००६ची असून तिच्या नोंदणीचे नूतनीकरण करून घेतले आहे. हल्ली सकाळी गाडीखाली हिरवट पाणी सांडलेले दिसते आणि कात्रजचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो. एक मेकॅनिक गळती बंद करणारी पूड टाकू म्हणतो, दुसरा नवा रेडिएटर सुचवतो, तर शेजारी हळद टाकायला सांगतात. जुन्या गाडीवर एवढा खर्च करावा का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: हळदीचा उपाय आपल्याकडे जुना आहे आणि बारीक चीर तिने काही काळ बुजतेही, परंतु हळद असो वा विकतची पूड, ती फक्त चिरेतच बसते असे नाही, तर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत आणि हीटरच्या जाळीतही साचते. काटा आधीच वर जात असताना हा उपाय करू नये.

प्रथम गळती नेमकी कुठे आहे ते पाहावे. इंजिन पूर्ण थंड असताना होज पाइपांचे जोड, त्यांच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखालचे बारीक भोक तपासावे. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा हिरवट द्रव) झिरपून वाळले, की तिथे हिरवट-पांढरी पुटे धरतात. डोळ्यांना काही दिसले नाही, तर गॅरेजमध्ये हातपंपाने दाब देऊन चाचणी करून घ्यावी. गळती बाहेर कुठेच नसेल, पण पाणी कमी होत असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची) शंका घ्यावी. अशा वेळी नवा रेडिएटर बसवूनही उपयोग होणार नाही.

जुन्या फियाटसारख्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत आणि त्यांना डाख लावून वर्षानुवर्षे चालवता येई. आपल्या गाडीत ॲल्युमिनियमची जाळी आणि तिला पत्र्याच्या कडा दुमडून जोडलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. उष्णतेने ठिसूळ होऊन तडकलेल्या टाकीला एपॉक्सी लावली, तरी ती दाबाखाली फार टिकत नाही. त्यामुळे तडा टाकीला असेल, तर माझे मत नवा रेडिएटर बसवावा असेच आहे. नाना पेठेत कंपनीचे आणि इतर बनावटीचे असे दोन्ही मिळतात. जुना काढून सोबत नेल्यास जोड आणि मापे ताडून पाहता येतात. त्याच वेळी होज पाइप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंट सोडणारी झडप) आणि रेडिएटरचे झाकणही बदलून घ्यावे.

झाकणाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथे उघड्यावर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, ०.९ बार दाब धरून ठेवणारे झाकण हा बिंदू ११८ अंशांपर्यंत नेते. स्प्रिंग सैल झाली, की घाटात पाणी उकळणारच. नवे झाकण जुन्यावरच्याच आकड्याचे घ्यावे.

बोअरचे पाणी भरू नये, त्याने आत क्षार धरतात. तयार कूलंट वापरावे किंवा घट्ट (कॉन्सन्ट्रेट) कूलंट डिस्टिल्ड पाण्यात निम्मे मिसळावे. सांडलेले कूलंट लगेच धुऊन टाकावे, कारण ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते व सोसायटीतली कुत्री ते चाटतात.

दुरुस्ती होईपर्यंत घाट टाळावा. तरीही वाटेत काटा चढलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि ते थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नये.